रुखवतातलं कमळ

वडील कंपनीत शिफ्टला होते. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दुपारी झोपत आणि पेणच्या रामवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत आवाज चालत नसे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी, धाकटा भाऊ आणि शेजारची मुलं अशी सगळी घरातच असायची. मुलांना गप्प बसवायचं तर हाताला काम हवं, असं आईचं मत होतं. आवाज न होणारी कामं तिनं शोधून काढली होती. जुन्या लग्नपत्रिकांची बैलगाडी, काडेपेट्यांचं कपाट, टॉवेलच्या घड्या घालून बदक. पापड लाटायचे दिवस आले की आम्हाला पिठाच्या लाट्या मिळत. निम्म्या तोंडात जात, उरलेल्यांच्या चिमण्या आणि पानं होत.

कमळ त्यातूनच निघालं. ते मी करायचे. तेव्हा मी चौथीची परीक्षा दिली होती. पोह्याच्या पापडाचं पीठ पातळ लाटायचं, वाटीच्या कडेनं पाकळ्या कापायच्या आणि त्या पालथ्या वाट्यांवर वाळू द्यायच्या. वाळलेली पाकळी वाटीसारखी वळलेली राहते. कडेला कापसाच्या बोळ्यानं खायचा गुलाबी रंग लावायचा आणि उडदाच्या पिठाच्या खळीनं पाकळ्या एकात एक चिकटवायच्या. पाकळ्या उन्हात ठेवायच्या नाहीत, एवढी एकच अट होती. ती आम्हाला कुणी शिकवली नव्हती. गणपतीच्या कारखान्यांच्या आसपास वाढणाऱ्या मुलांना कच्ची मूर्ती सावलीत वाळते आणि उन्हात ठेवली तर तडकते, हे दिसत असतं. आम्ही तेच पाकळ्यांना लावलं.

आईची धाकटी बहीण आमच्याकडे राहत होती. एका दवाखान्यात ती केसपेपर काढायची. रांगेतल्या माणसांना आवरणं, डॉक्टरांचं अक्षर वाचणं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हातकामात मात्र तिला गती नव्हती आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. त्या वर्षी वैशाखात तिचं लग्न ठरलं. सासर रोह्याजवळ वरसे इथं. नवरा कंपनीत, घरची भाताची आणि वालाची शेती.

रुखवताचा विषय निघाला तेव्हा ती आईला म्हणाली, "ताई, मला सुईत दोरा ओवता येत नाही. तू टेबलावर काय मांडणार आहेस? केसपेपर?"

"पोरं करतील."

"आणि नाव माझं?"

"रुखवत कुणी केलं असं कुणी विचारतं का? मांडलं म्हणजे नवरीनं केलं."

यात आईचं चुकलं असं तेव्हा कुणालाही वाटलं नाही. सगळीकडे तेच चालत होतं. शेजारच्या मुलांनी बैलगाडी आणि बदकं केली, भावानं सुपारीच्या नवरानवरीला मुंडावळ्या बांधल्या, मी कमळं केली. मावशी दवाखान्यातून आली की आमच्यात बसायची आणि लाट्या खायची.

लग्न पेणलाच झालं. अक्षता पडल्यावर वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. रीतीप्रमाणे वधूकडची एक बाई टेबलाशी उभी राहते आणि एकेक वस्तू दाखवते. आमच्याकडून आई उभी होती. मी पुठ्ठ्यानं माश्या हाकत होते. घरचं बोलणं बाहेर काढायचं नाही, असं मला बजावून ठेवलेलं होतं.

मावशीची सासू उंच, सावळी, हात कामानं राठ झालेले. तिनं कमळाच्या पाकळीला बोट लावलं.

"ह्ये पापडाचं हाय?"

"पोह्याच्या पापडाचं," आई मावशीकडे हात करून म्हणाली. "सगळं हिनंच केलंय. हात फार नाजूक आहे हिचा."

"मंग बरं झालं. आमच्या धाकटीचं लगीन औंदाच काढायचं हाय. तिच्या रुखवताला आता बाहेर बघाया नको. काय गो सूनबाय, करशील ना?"

मावशी शालू नेसून शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे. "करीन," ती म्हणाली.

गौरीच्या सणाला ती माहेरपणाला आली. माझ्यासाठी रंगीत पेनांचा डबा आणला होता, भावासाठी काही नव्हतं. भावानं ते लगेच विचारलं. तिनं पर्समधून सुटे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले आणि त्याला दुकानात पाठवलं. आई घावन घालत होती. मावशी ओट्याला टेकून उभी राहिली.

"सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवतात. माझी सून, हिचा हात बघा. परवा एकीनं पोरीला पाठवलं, शिकव म्हणून. मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दर वेळी काय काय दुखवू?"

"मग शिकून घे. ही बसलीय ना इथं."

"त्यापेक्षा सांगूनच टाकते त्यांना."

आईनं घावन उलटला. "काय सांगशील? मी केलेलं नाही, एवढंच ना? मग टेबलाशी उभी राहून कोण बोललं, तेही सांग. सगळ्या विहिणींच्या देखत मी बोललेय."

"तुला कशाला मध्ये आणेन मी?"

"मी मध्येच आहे," आई म्हणाली.

 घावनांची चळत वाढत गेली.

त्या मुक्कामात मी मावशीला कमळ शिकवलं. भाद्रपदातल्या हवेत पीठ वाळत नव्हतं, म्हणून फक्त लाटणं आणि कापणं. मी वर्गातल्या बाईंसारखी बोलत होते. जाड झालं, परत. कड फाटली, परत.

"मास्तरीणबाई, जरा दमानं," मावशी म्हणायची. पहिल्या दिवशी ती हसत होती. पुढे हसली नाही. तिच्या पाकळ्या एका बाजूला जाड होत, कारण तिचा उजवा हात लाटण्यावर जास्त जोर देत असे. ते तिला कळत होतं, पण हाताला वळण लागत नव्हतं. रोह्याच्या गाडीत बसताना तिनं मला उन्हाची अट पुन्हा विचारून घेतली.

दसऱ्यानंतर वरशाला काय झालं, ते आम्हाला तिनं नंतर सांगितलं. तिनं एकटीनं पाकळ्या लाटून वाट्यांवर घातल्या आणि ताट ओटीवर सावलीत ठेवलं. सासू तिकडून चालली होती. भात, वाल, मिरच्या, पापड, त्या घरात जे वाळायचं ते उन्हात वाळायचं. तिनं ताट उचललं आणि मदत म्हणून खळ्यात नेऊन ठेवलं. मावशीला अट पाठ होती. पण सासूला नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि ते तिला ठाऊक नव्हतं. जिच्या हाताची गावात तारीफ होते तिला हे माहीत असायला हवं होतं. तिनं ताट नेऊ दिलं. दुपारपर्यंत सगळ्या पाकळ्या तडकल्या.

सासूनं तुकडे गोळा केले, संध्याकाळी तळले आणि ताटात वाढले. "खा गो. चव चांगली हाय," एवढंच म्हणाली. मावशीनं ते खाल्ले.

दिवाळीच्या सुट्टीत आई मला घेऊन रोह्याला गेली. "मावशीकडं राहायचंय म्हणून मागे लागली होती," असं तिनं मावशीच्या सासूला सांगितलं. मी तसं म्हटलं नव्हतं. चहा घेऊन आई परतीच्या गाडीला गेली. जाताना तिनं मला खायचा रंग पिशवीत घालून दिला होता. तो कुठून आला ते विचारलं तर काय सांगायचं, हे सांगितलं नव्हतं.

वाल पेरायचे दिवस होते. जेवण झालं की सासू आणि नणंद शेतावर जात. मग आम्ही माजघरात नणंदेच्या रुखवताची कमळं करायला बसायचो. पीठ मी लाटायचे, पाकळ्या मी कापायचे. मावशी शेजारी दुसरं लाटणं हातात धरून बसायची. कुणी अचानक आलं तर तिच्या हातात लाटणं दिसावं म्हणून. बाहेर आवाज झाला की ती लाटणं पोळपाटावर फिरवू लागायची आणि कोंबडी निघाली की थांबायची. त्या दिवसांत तिनं मला सारखं काहीतरी खायला दिलं. शेंगदाण्याचा लाडू, दुधावरची साय, पुन्हा लाडू. पोट भरलंय म्हटलं तरी देत होती.

एका दुपारी सासू लवकर परतली. पायाला ठेच लागली होती. ती दारात आली तेव्हा माझी बोटं गुलाबी होती आणि मांडीवर अर्धं कमळ होतं. मावशीच्या हातात लाटणं होतं. ते पुढं करून ती काहीही बोलू शकली असती. तिनं ते खाली ठेवलं आणि ती सासूला म्हणाली,

"आई, कमळं ही करते. माझ्या लग्नातलंही हिनंच केलं होतं. मला नाही येत."

सासू उंबऱ्यावर बसली. अंगठ्याला लागलेलं रक्त तिनं पदरानं पुसलं.

"कितवीत हायस गो?" तिनं मला विचारलं.

"पाचवीत."

"आणि विहीणबाय बोलल्या ते?"

"ताईचं काही नाही त्यात," मावशी म्हणाली. "मी शेजारी उभी होते. मी गप्प राहिले."

"त्या बोलल्या आणि तू गप्प ऱ्हायलीस. आणि मी गावभर सांगत फिरले. धाकटीच्या सासरच्यांना पण सांगून बसले, ती वहिनीकडनं शिकते म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. "आता परत काय तोंडानं जाऊ सांगायला?"

मावशीनं पोळपाट बाजूला सरकवला.

"करा, चाललंय ते करा," सासू उठत म्हणाली. "पोरीला च्या दे आधी. आणि हळद आण."

त्या दिवसापासून शेजारणींना बोलावणं बंद झालं. सासू कडक वागली असं नाही. स्वयंपाकाला नावं ठेवली नाहीत, बोलणं तोडलं नाही. फक्त 'माझी सून' हे शब्द मी तिथं असेपर्यंत पुन्हा ऐकले नाहीत. उरलेल्या दिवसांत मावशी दुपारी माझ्या शेजारी बसून खरोखर लाटू लागली. तिचं एक कमळ पुरं झालं. एका बाजूनं ते बरं होतं. दुसऱ्या बाजूच्या पाकळ्या जाड होत्या आणि एकमेकींवर रेलल्या होत्या.

मला न्यायला आई आली तेव्हा मावशीनं तिला विहिरीजवळ गाठलं. मी पिशवी घेऊन मागेच होते.

"सांगितलं मी."

"माझं नाव घेतलंस?"

"मी नाही. त्यांनी घेतलं."

आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. "बरं वाटतंय का आता?"

"वाटेल असं वाटलं होतं," मावशी म्हणाली.

नणंदेचं लग्न मार्गशीर्षात वरशालाच झालं. आईला जायचं नव्हतं, पण न जाण्यानं जे बोललं गेलं असतं ते तिला नको होतं. मांडवात पाऊल टाकताच मावशीची सासू पुढे आली. तिनं आईला हळदकुंकू लावलं आणि चार बायकांत मोठ्यानं म्हणाली, "विहीणबाय, रुखवताशी तुमी उभ्या ऱ्हावा. तुमाला चांगलं सांगता येतं."

बाकीच्या बायकांना तो मान वाटला. आई टेबलाशी जाऊन उभी राहिली.

कमळं पुढे ओळीनं मांडली होती. मावशीचं मागे, टॉवेलच्या बदकाआड होतं. ते सासूनं स्वतःच्या हातानं तिथं ठेवलं होतं, असं मावशीनं सांगितलं. वरपक्षाच्या बायका येऊ लागल्या. आई एकेका वस्तूवर हात ठेवून सांगत होती, नवरीनं केलंय, हेही नवरीनंच. पेणला तिचा आवाज टेबलाच्या पलीकडे जात होता. इथं जवळ उभं राहूनही मला नीट ऐकू येत नव्हतं. पाहणाऱ्या बायका पुन्हा विचारत आणि तिला तेच पुन्हा सांगावं लागे.

मावशी पंगतीत वाढत होती. ती मीठ-लिंबाचं ताट तसंच हातात घेऊन आली.

"ताई, तू जेवायला बस. मी थांबते इथं."

"त्यांनी मला सांगितलंय."

"माहीत आहे मला."

आई गेली नाही. जरा बाजूला सरकली. मावशी ताट खाली ठेवून तिच्या शेजारी उभी राहिली. पुढच्या बायका आल्या तेव्हा मावशी बोलली, हो, सगळं तिनंच केलंय, हौस फार तिला. दवाखान्यात रांगेशी बोलायची तसाच आवाज. आई टेबलक्लॉथची कड सारखी करत राहिली.

वराची आजी काठी टेकत आली. तिनं सगळं सावकाश पाहिलं. मग बदकामागे बोट दाखवलं.

"ह्ये एकच असं कशानं झालं?"

"ते नवरीचं नाही," मावशी म्हणाली. "ते मी केलंय."

"व्हय? जाड लाटतेस गो तू."

"हो."

आजी पुढे गेली. सासू दोन हात अंतरावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती टेबलाशी आली, बदक उचलून बाजूला ठेवलं आणि मावशीचं कमळ इतरांच्या ओळीत पुढे घेतलं. जाड बाजू भिंतीकडे वळवली. मग आईला म्हणाली, "चला विहीणबाय, पान वाढलंय," आणि तिची वाट न बघता पंगतीकडे गेली.