आबांच्या मिशीतला डर्मॅटोफाइट

"डर्मॅटोफाइट," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि रिपोर्ट टेबलावर ठेवला.

आबांनी तोंडावरचा रुमाल खाली केला. "फाईट? कोनासंगं फाईट, बाई?"

डॉक्टर खळखळून हसल्या. हिंगोलीच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत आई आणि मी जीव मुठीत धरून बसलो होतो. तीन आठवड्यांत आमच्यासमोर कुणी असं हसलंच नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. साखरा गावात आमच्या शेळ्या-मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. मी जवळच्याच गोरेगावात शिवणकाम करते. आबांची मिशी आमच्या पंचक्रोशीत ओळखीची, दोन्ही टोकं वर वळलेली. तिच्याखाली आधी एक पुटकुळी आली. खाज सुटली. मीच दुकानातून एक मलम आणून दिलं. चार दिवस लाली गेली आणि मग दुपटीनं उसळली. ओठावर मऊ गाठ झाली, पू यायला लागला. मिशीचे केस हातात यायला लागले. नंतर कळलं, त्या मलमात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड म्हणजे सूज दाबणारं औषध. त्यानं वरून बरं दिसतं आणि आत रोग वाढतो. माझी ही चूक तुम्ही करू नका.

आबा तंबाखू खायचे. त्यामुळं सगळ्यांच्या मनात एकच रोग होता आणि त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. एका सकाळी आबांनी मला शेळ्यांच्या वाड्यात नेलं. कोणती शेळी किती वेळा व्याली, कोणत्या शेळीचं पोट कशानं फुगतं, एकेक सांगायला लागले.

"आबा, हे आत्ताच काहून सांगून राहिले?"

"म्हाईत असावं," एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी मी त्यांना हिंगोलीच्या जीपमध्ये बसवलं.

डॉक्टरांनी चिमट्यानं मिशीतले दोन केस ओढले. लोण्यातून निघावेत तसे निघाले. "दुखलं?" "न्हाई बा." त्यांनी मान डोलावली आणि केओएच टेस्ट लिहून दिली. त्यात केस काचेच्या पट्टीवर ठेवतात, वर एका द्रावणाचा थेंब टाकतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. "फंगल वाटतंय, म्हणजे बुरशी," त्या म्हणाल्या.

बुरशी ऐकलं आणि आई पांढरीफटक पडली. कोरोनाच्या वेळी तिच्या चुलतभावाचा जबडा काळ्या बुरशीमुळं काढावा लागला होता. बाहेरच्या बाकावर आम्ही दोन तास रिपोर्टची वाट बघत बसलो. आबांनी तिला पाण्याची बाटली दिली, ती तिनं तशीच धरून ठेवली.

आणि मग रिपोर्टवर हा शब्द, डर्मॅटोफाइट. आईनं घाबरतच विचारलं, "जबडा काढा लागंल का?"

डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसल्या. "मावशी, बुरशी बुरशीत फरक आहे. डर्मा म्हणजे कातडी. फाइट म्हणजे झाड, ग्रीक भाषेतलं. कातडीवर उगवणारं झाड. बुरशी झाड नसते, पण जुन्या लोकांना तसं वाटायचं, नाव तेच राहिलं. हे एका बुरशीचं नाव नाही, एका जमातीचं आहे. केस, नखं आणि कातडीचा वरचा मेलेला थर, एवढंच ती खाते. जबड्यापर्यंत ती जात नाही. गोळ्यांनी जाईल. कापायचं काही नाही."

आई रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही.

"म्हंजे गजकरनच की!" आबा म्हणाले.

"बरोबर. इंग्रजीत त्याला रिंगवर्म म्हणतात, म्हणजे गोल किडा."

"आन् किडा असतो?"

"नसतो."

आबा खूश झाले. "गजकरनात हत्तीचा कान न्हाई, किडा न्हाई, झाड बी न्हाई. समद्यांनीच चुकीचं नाव ठिवलं की!"

मग डॉक्टरांनी विचारलं, जनावरं आहेत का? आबांचा चेहरा फुलला. शेळी मेल्यानं पोरकं झालेलं एक करडू ते मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजायचे, हनुवटीखाली धरून. त्याच्या कानावर राखाडी गोल चट्टे होते. "ही झूफिलिक जात दिसते. झूफिलिक म्हणजे प्राण्यांवर राहायला आवडणारी," डॉक्टर म्हणाल्या. "माणसावर आली की अशी भडकते."

"जनावराचा लळा हाय म्हना तिला," आबा म्हणाले. "आमच्यासारकाच."

गोळ्या सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी झाली. गोळी तुपा-दुधाच्या जेवणानंतर घ्यायची होती, म्हणजे अंगी लागते. आबांनी हा नियम फार मनापासून पाळला. मिशी मात्र उतरवावी लागली. न्हाव्याकडून ते आले तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "तीस वर्सं झाली लग्नाला, तुमचा वरचा ओठ आज दिसला!"

जनावरांच्या डॉक्टरांनी करडू वेगळं बांधायला लावलं, त्याला औषध लावलं. आमचे टॉवेल वेगळे झाले. दोन आठवड्यांत गाठ बसायला लागली. दोन महिन्यांत गोळ्या संपल्या. पुन्हा केओएच टेस्ट झाली, काही निघालं नाही.

शेवटच्या तपासणीनंतर आबा सरळ घरी यायला तयार होईनात. आम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो. आईनं डबा उघडला, शेजारच्या टपरीवरून तळलेले मासे आले. पाण्यावर ऊन होतं. मनात धरलेलं, न उच्चारलेलं भय किती जड असतं आणि एक डॉक्टर दहा मिनिटं खुर्ची ओढून बसली की ते किती सहज उतरतं, हे मी त्या दिवशी बघत होते. त्या बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाही. तुमच्याही कागदावर असा अवघड शब्द आला, तर घाबरण्याआधी त्याचा अर्थ विचारा. न लाजता विचारा.

आबांनी माशाचा काटा काढून आईच्या ताटात तुकडा ठेवला. "खा," ते म्हणाले. "पुढच्या साली पन यिऊ."