दोन्ही पाय बराबर

दिवस मावळला, शेळ्या कोंडून झाल्या, की मामी माझ्या ओट्यावर येऊन बसायची. दोन्ही पाय समोर पसरायची आणि तोंड दुसरीकडे करून म्हणायची, "लाव हात. बराबर हाय का सांग."

बघणाऱ्याला वाटायचं, सून सासूच्या पाया पडतेय. तशी ती माझी कोणी नव्हती. औंढ्याच्या रस्त्याला आमचं गाव. तिथं शेजारच्या घरात ती आणि तिच्या अकरा शेळ्या. सगळं गाव तिला मामीच म्हणायचं.

तरुणपणी तिला कुष्ठरोग झाला होता. गोळ्या खाऊन तो कधीच बरा झाला, पण जाताना हातापायांची जाण घेऊन गेला. बोटं आत वळलेली. तळव्यात काटा मोडला तरी पत्ता नाही. "दुखत न्हाई ना, मग काय झालं?" हे तिचं ठरलेलं बोलणं.

एकदा तिचा उजवा पाय घोट्यापाशी टम्म सुजला. आता माझं शहाणपण ऐका. मी म्हटलं, मुरगळला असेल, आणि गावातल्या मुरगळ काढणाऱ्या बाबाला बोलावलं. त्याने टाच धरून असा हिसका दिला की मीच डोळे मिटले. मामी मात्र हसून म्हणाली, "जेवून आला न्हाईस का, बाबा? ओढ की अजून."

त्याने अजून ओढलं. आम्ही दोघांनी तिच्या धीराची तारीफ केली. वर ती आठ दिवस त्याच पायावर शेळ्यांमागे हिंडली.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी पायाचा फोटो उजेडात धरून दाखवला. आतली बारीक हाडं मोडली होती, सांधा जागेवरून सरकला होता. त्या म्हणाल्या, "दुखलं असतं तर या चालल्याच नसत्या. आता काही महिने पाय टेकायचा नाही. टेकला तर पाय जाईल."

"अन् शेळ्या कोण चारील? तुमी?" मामीने विचारलं.

गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. शेळ्या दुसऱ्याच्या कळपात गेल्या. मामी दारात बसून लांबूनच त्यांना शिव्या घालायची. प्लास्टर निघालं तेव्हा तळवा मधून सपाट झाला होता, पण पाय होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, रोज दोन्ही पायांना हात लावून बघायचं. एक दुसऱ्यापेक्षा गरम लागला की चालणं बंद, आणि इकडे यायचं.

मामीच्या हातांना ऊन-गार कळत नव्हतं. म्हणून माझा ओटा.

पहिल्या दिवशी माझा हात अर्ध्यातच थांबला, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तिने ते पाहिलं. "गोळ्या कवाच पुऱ्या झाल्या, पोरी. माझ्यापासून कुणाला काई व्हत न्हाई. पर मन धजत नसंल तर ऱ्हाऊ दे." मी हात लावला. तळवा बाभळीच्या सालीसारखा लागला. तेव्हापासून ती तोंड वळवूनच बसायची. माझा चेहरा बघायला नको म्हणून, दुसरं काय.

एका संध्याकाळी उजवा पाय गरम लागला.

"चुलीपाशी बसले व्हते," ती म्हणाली.

"चुलीला एकच पाय दाखवला व्हय, मामी?"

तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मग म्हणाली, "लई बाराची हायेस." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही दोघी हिंगोलीला गेलो. पुन्हा प्लास्टर, पुन्हा शेळ्यांना शिव्या. पाय पुन्हा वाचला.

अशी कितीतरी वर्षं गेली. गेल्या थंडीत दोन दिवसांच्या तापाने मामी गेली. आदल्या आठवड्यापर्यंत शेळ्यांमागे चालत होती, त्याच पायांनी. अंघोळ घालायला बायका जमल्या. डोक्याशी गर्दी, पायांशी कोणीच नाही. मी तिथं बसले आणि सवयीने हात लावला. आधी डावा, मग उजवा. या खेपेला तिचं तोंड माझ्याकडे होतं.

दोन्ही सारखेच गार.

"बराबर हाय, मामी," मी म्हणाले.