खडकीहून आलेलं पोस्टकार्ड

दुबईतल्या अल क्वोज भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जुने फोटो स्कॅन आणि दुरुस्त करून फ्रेम करून मिळतात. गिऱ्हाइकं बहुतेक लग्नाचे फोटो आणतात. दुबई मरीनात मुलाकडे राहणाऱ्या एक आयरिश बाई मात्र त्यांच्या पणजीने जपलेला अल्बम घेऊन आल्या. सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. इथल्या आयरिश मंडळींचं एका हॉटेलात प्रदर्शन होतं, त्यासाठी त्यांना फ्रेम्स हव्या होत्या.

१९१६ साली डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध बंड झालं, ते चिरडलं गेलं आणि पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या. मग फोटोवाल्यांनी जळक्या इमारतींची आणि मारल्या गेलेल्यांची पोस्टकार्डं छापली. लोकांनी ती घरात देवाच्या तसबिरीशेजारी लावली. बाई हे सांगताना प्रत्येक कार्डावर बोट टेकवत होत्या. त्यांचे आजोबा त्या बंडात होते, तुरुंगात गेले होते; त्यांचाही फोटो अल्बममध्ये होता. मी म्हटलं, "माझे आजोबाही बेचाळीसमध्ये तुरुंगात होते. त्यांचा एकही फोटो नाही आमच्याकडे." त्यांनी माझा हात दाबला. मला त्या फार आवडल्या.

पानं उलटता उलटता मी थांबले. दोन हुतात्म्यांच्या कार्डांनंतरच्या पानावर वेताच्या खुर्चीत बसलेला एक गोरा शिपाई होता. पायाशी कुत्रा. मागे अनवाणी उभे दोन पागोटेवाले आणि नऊवारीतली एक बाई, पदराचं टोक दातांत धरलेली. कार्ड काढून बघितलं, तर मागच्या बाजूला मजकूर होता: 'आई, खडकीला फार उकाडा. हा मी आणि ही माझी जनावरं. यांतलं फक्त कुत्रं शहाणं आहे.'

"हे कोण?" मी विचारलं.

"आजोबांचे थोरले भाऊ," बाई म्हणाल्या. "पोटासाठी इंग्रजांच्या सैन्यात गेले. पुण्याकडे होते."

"मी पुण्याची आहे."

त्यांनी पान उलटलं. "हे स्कॅन नको करू. प्रदर्शन आपल्या लढ्याचं आहे."

"पण एका मुलाने बंड केलं आणि दुसरा त्याच राजाची बंदूक घेऊन आमच्याकडे होता, हेही त्यातच येतं ना?"

"गरिबीने गेले ते," त्या म्हणाल्या. आवाज शिक्षिकेचा झाला होता. "तुला आमची परिस्थिती समजणार नाही."

माझ्या मालकाने काचेच्या केबिनमधून हात हलवून मला थांबवलं. त्या गेल्यावर बाहेर येऊन म्हणाला, "हबीबी, कस्टमर जो बोले वही. खलास." मी ते पान वगळून बाकी सगळं स्कॅन केलं.

प्रदर्शनाला त्यांनी आग्रहाने बोलावलं. शारजाहून ट्रॅफिकमध्ये रखडत मी मुलीला घेऊन पोचले. मी केलेल्या फ्रेम्स भिंतीवर छान दिसत होत्या. मधोमध काचेच्या पेटीत अल्बम ठेवला होता, हुतात्म्यांच्या पानावर उघडलेला. पुढचंच पान त्याखाली दबलेलं होतं. बाईंनी मला माइकपाशी नेलं. "ही भारतातली. हिच्याही आजोबांनी तोच तुरुंग भोगला. आपलं दुःख एकच आहे." टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. मी हसले, कारण सगळे माझ्याकडे बघत होते.

गाडीत मुलीने विचारलं, "Mamma, so they were on our side?"

"काही जण," मी म्हटलं. पुढे सांगायला लागले, पण तिने कानात इअरफोन घातले होते.

काही महिन्यांनी बाई पुन्हा आल्या. अल्बमची शिवण उसवली होती. पानं सुटी करून नव्याने शिवायची, तर ती क्रमाने लावावी लागतात. हुतात्म्यांनंतरच्या पानावर कार्ड अडकवायचे कागदाचे चार कोपरे तेवढे होते. मधला कागद बाकीच्यापेक्षा गडद राहिला होता.

मी फोन केला. "मॅडम, या पानावरचं खडकीचं कार्ड नाहीये. तुमच्याकडे सुटं पडलंय का?"

"पडलं असेल कुठेतरी," त्या म्हणाल्या. "ते रिकामं पान काढूनच टाक ना. नातवंडांना विचित्र वाटेल."

त्यांच्या पणजीने दोन्ही मुलांना एकाच अल्बममध्ये ठेवलं होतं. एक मिरवायचा, एक लपवायचा असं तिने काही केलं नव्हतं. आणि त्या मुलाच्या मागे उभी असलेली ती नऊवारीतली बाई कोण होती, कुठल्या गावची होती, हे विचारायला आता तिचा चेहराही कुठे उरला नव्हता. स्कॅन करायला मला मनाई होती आणि मी ती पाळली होती.

"पान काढलं तर शिवण सैल पडेल," मी सांगितलं. ते खोटं होतं. ते पान मी आत ठेवूनच अल्बम शिवला. बाई घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी पाठीवरची नवी पट्टी बघितली, "ब्युटिफुल" म्हणाल्या आणि अल्बम न उघडताच पिशवीत टाकला.