न चाखता दिलेले मार्क

"मीठ थोडं जास्त झालंय. ब्लडप्रेशरच्या पेशंटला हे चालणार नाही."

मॅडम सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या. शांतपणे, मार्क लिहिता लिहिता. मी टेबलाच्या पलीकडं उभी. ॲप्रन घातलेला, केसांवर टोपी. माझ्या दुधीच्या सुपात मीठ नव्हतं. एक कणसुद्धा नव्हता. त्या दिवशीचं प्रॅक्टिकलच ते होतं की, बिनमिठाचा आहार. जिरं, लिंबू, कोथिंबीर, एवढंच घातलेलं.

आधी वाटलं, मीच चुकले की काय. मी वाटी उचलून बघितली. सूप निवून वर पातळ पापुद्रा धरलेला. तो जसाच्या तसा. चमचा लागलाच नव्हता. शेजारच्या मुलींच्या वाट्या निम्म्या झालेल्या, काठाला ओघळ. माझी काठोकाठ.

"मॅडम, यात मीठच नाही." हे वाक्य तोंडापर्यंत आलतं. तिथंच अडकलं. मी "हो मॅडम" म्हटलं आणि वाटी घेऊन बेसिनकडं गेले. तिथं भिंतीकडं तोंड करून सगळं सूप मीच प्यायले. चांगलं झालतं. आईशप्पत चांगलं झालतं.

आमच्या विषयात चव बघायची एक रीत असते. वाटीवर नाव लिहायचं नाही, नुसता नंबर चिकटवायचा. कुणी केलंय ते चाखणाऱ्याला कळू नये म्हणून. एक घास, मग पाण्याची चूळ, मग पुढची वाटी. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मी हरखून गेलते. म्हटलं, बघा, एक तरी जागा अशी आहे जिथं आडनावाला विचारत नाहीत, जिभेला विचारतात.

मग माझी वाटी त्यांना कळली कशी? तेच सांगते. एम.एस्सी.च्या पहिल्याच आठवड्यात एक सिनियर मुलगी म्हणाली, "लॅबमध्ये वाट्या कमी पडतात गं. तू घरून आण ना एक." गोड बोलली. मी आणली. आमच्या घरात भांड्यावर नाव घालून घ्यायची पद्धत. आईच्या लग्नात आलेली ती वाटी, काठावर आईचं नाव, आडनावासकट, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. त्या नावाच्या खाली मी कागदाचा नंबर चिकटवायची. किती शहाणी मी!

पुढं एकदा लॅबचं कपाट उघडं राहिलं. आत लॅबच्याच वाट्यांच्या चळतीच्या चळती. मी बघत उभी राहिले. आमच्या आज्ज्याला गावातल्या हाटेलात कान तुटलेला कप असायचा, बाहेर कोनाड्यात पालथा ठेवलेला. पिऊन झाला की त्यानंच विसळायचा. आज्जा सांगायचा तेव्हा मी कंटाळायची. मला वाटायचं, झालं गेलं ते. कोल्हापुरात, एवढ्या शिकलेल्या बायकांत, एसी लावलेल्या लॅबमध्ये तो कप असेल असं कुणाला वाटेल?

मी गडमुडशिंगीची. आमची वस्ती गावाच्या कडेला. पाटीवर नवं नाव आहे, गावाच्या तोंडात जुनंच. आई मंगल कार्यालयात भांडी घासते. तिनं घासलेल्या पातेल्यात त्यांचा मसालेभात शिजतो, ते चालतं. चपाती लाटायला मात्र तिला कधी बसवलं नाही. वस्तीतल्या सगळ्या बायांच्या अंगात रक्त कमी. दवाखान्यात गोळ्या देतात आणि "सकस खा" म्हणतात. काय खाता, कुठनं आणता, कुणी विचारत नाही. मला ते विचारायचं होतं. म्हणून मी पोषण आणि आरोग्य हा विषय घेतला. बीएस्सीला चांगले मार्क पडले, मग एम.एस्सी.ला आले.

तिथं मी जेवायला शिकले, एकटी. आमच्या वर्गातल्या मुली दुपारी डबे मधे ठेवून गोल बसायच्या. मी गेले की कुणीतरी म्हणायचं, "अगं, आमचं झालंच." झाकणं लागायची. भाजी तर तशीच दिसायची आत. दोन-तीनदा असं झालं, मग मी जाणं सोडलं. वजनकाट्याच्या खोलीत एक स्टूल होतं, त्यावर बसून खायची. समोर भिंतीवर तक्ता, संतुलित आहाराचा. हसरं कुटुंब एका ताटाभोवती बसलेलं. त्या चित्राचा मला इतका राग यायचा की मी पाठ फिरवून बसायची.

वर्गातली ऋतुजा एकटी बोलायची माझ्याशी. बसस्टॉपवर. बस येईपर्यंत आम्ही दोघी पोट धरून हसायचो. कॉलेजच्या गेटातनं आत गेलं की ती पुढं चालायची. एकदा मी विचारलंच. ती म्हणाली, "माझ्या मनात काही नाही गं. पण सगळ्यांसमोर नको." मनात काही नाही म्हणे. त्या दिवसापासनं मी पुढची बस पकडायला लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. गोड बोलण्याला काय करणार?

दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. मी विषय घेतला रक्त कमी असलेल्या मुलींसाठी वडी. नाचणी, अळीव, तीळ, गूळ. अळीव कडवट लागतं, ते गुळात लपवायला मला पुष्कळ घाणे वाया घालवावे लागले. घरात सगळ्यांनी वड्या खाऊन खाऊन तोंड वाकडं केलं. शेवटी जमलं. आता विभागातल्या मॅडम आणि मुली मिळून चव बघणार, प्रत्येकजण नऊपैकी मार्क देणार. ते मार्क आल्याशिवाय प्रबंध पुढं सरकत नाही, आणि प्रबंधाशिवाय डिग्री नाही.

यावेळी वाटीचा प्रश्नच नव्हता. कागदी बशीत वड्या ठेवल्या. मला बाहेर थांबायला सांगितलं, तो नियमच आहे. मी व्हरांड्यात उभी. आत हसण्याचा आवाज. नंतर मार्क हातात आले. आठ. नऊ. आठ. नऊ. "अतिशय आवडले." "मुलांना नक्की आवडेल." माझे डोळे भरून आले हो! मला वाटलं, संपलं सगळं. मी उगाच माणसांवर राग धरून बसलेली.

टेबल पुसायला आत गेले. बेसिनखाली कचऱ्याचा डबा. त्यात कागदी रुमालांच्या पुरचुंड्या. एक उलगडली. आत माझी वडी. अख्खी. दुसरी उलगडली, तीपण अख्खी. सगळ्या उलगडल्या मी, तिथं फरशीवर बसून. एकीवरसुद्धा दाताची खूण नव्हती. ऋतुजापण होती त्या चाखणाऱ्यांत.

मी वर मॅडमकडं गेले. त्याच माझ्या गाईड. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मार्क चांगले आलेत ना? मग उगाच कशाला उकरतेस? सगळ्यांनी तुझं भलंच केलंय."

भलं. तो शब्द माझ्या कानात घुसला तो अजून निघालेला नाही. पहिल्या वर्षी न चाखता मला कमी मार्क दिले. आता न चाखता जास्त देत होत्या. दोन्हीवेळा माझं केलेलं त्यांच्या तोंडात जाणार नव्हतं, एवढंच काय ते पक्कं. आणि ही वडी उद्या खरंच कुण्या पोरीला दिली तर? तिला आवडेल म्हणून मी सांगणार, ते कशाच्या जोरावर?

घरी आईला सांगितलं. मला वाटलं, ती तरी चिडेल. ती म्हणाली, "पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर न्हाय करायचं, बाय. डिग्री घे आन् गप घरला ये. त्यास्नी खायाचं न्हाय तर ऱ्हाऊ दे की." तिचं चूक नव्हतं. तिनं आयुष्यभर तसंच काढलं. पण त्या रात्रीएवढं एकटं मला कधी वाटलं नाही. घरात चार माणसं, आणि माझ्या बाजूनं कुणीच नाही.

प्रबंध जमा करायच्या आधी सगळ्यांसमोर मांडावा लागतो. बाहेरचे एक सर परीक्षक म्हणून आलते. मॅडम, वर्ग, सगळे बसलेले. मी नाचणी सांगितली, लोह सांगितलं, तक्ते दाखवले. चवीचा भाग आला. पडद्यावर मी काहीच लावलं नव्हतं. नुसता पांढरा पडदा.

"इथं निकाल कुठाय?" सरांनी विचारलं.

"निकाल नाही सर. चाचणी झालीच नाही. वड्या न खाता कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि मार्क दिले. ते मार्क मी लिहिणार नाही."

आवाज खणखणीत निघाला, माझं मलाच नवल वाटलं. मॅडम उभ्या राहिल्या. "तू काय बोलतेयस, कळतंय का तुला?"

"व्हय मॅडम, कळतंय," मी म्हटलं. कॉलेजात मी कधी व्हय म्हटलं नव्हतं. त्या दिवशी आलं तोंडात. "एकीनं जरी खाल्ली असेल तर तिनं उभं राहावं. नुसतं सांगावं, कशी लागली."

कुणी उठलं नाही. ऋतुजा मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "चाचणी परत घ्या. पुढच्या वर्षी बघू." त्यांनीही कारण विचारलं नाही. सगळ्यांना कारण माहीत होतं.

बाहेर पडताना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "वर्ष वाया घालवलंस स्वतःचं."

घालवलं. बाकीच्या पोरी पास होऊन गेल्या. ऋतुजा एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ झाली. मी अजून तिथंच आहे, नव्या वर्गात, जिथं माझ्याशी तेवढंसुद्धा कुणी बोलत नाही. पुढच्या महिन्यात चाचणी आहे. मी लेखी दिलंय, चव बघताना मी खोलीत थांबणार. नियमात बसत नाही, मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, नियम तुम्ही कचऱ्यात टाकला, मी नाही.

मला तुमची दया नको. आठ-नऊ तर मुळीच नकोत. समोर बसा. वडी हातात घ्या. तोंड उघडा, चावा, गिळा. मग म्हणा कडू आहे, म्हणा भिकार आहे. शून्य द्या. मी परत करीन, परत आणीन, तुमच्यासमोर परत ठेवीन. नापासच करायचं असेल तर खाऊन करा.