चंपाबाईंचे पक्के दात

बिबवेवाडीच्या चंपाबाई भीमगीतं गायला लागल्या की विहाराबाहेरचा पानवालासुद्धा गिऱ्हाईक थांबवून ऐकायचा. मग वरचे दात गेले आणि कवळी आली. एका जयंतीला, गाणं ऐन रंगात असताना, वरच्या सुराला कवळी निसटली आणि माइकवर आपटली. लोक हसले. त्या दिवसापासून बाईंनी गाणं सोडलं आणि त्यांच्या गाण्याच्या पथकात पेटी वाजवणारी शालू पुढे गायला लागली. कुणी विचारलं तर एकच उत्तर, "दात द्या, गाते."

मुलगी आम्रपाली हात धुऊन पाठीस लागली, "आई, आता पक्के दात बसतात." बाई वैतागल्या. कवळीचं माप घेताना तोंडात कोंबलेला तो गुलाबी लगदा, त्या ओकाऱ्या, वर डॉक्टरचं खेकसणं. पुन्हा कोण जातंय मरायला? पण यंदा जयंतीचं पहिलं गाणं आपणच गायचं, हे मनाने घेतलं होतं, म्हणून दाताच्या दवाखान्यात गेल्या.

तिथे तर चिडायलाही जागा ठेवली नव्हती मेल्यांनी. लगदा नाही, काही नाही. अंगठ्याएवढा कॅमेरा तोंडातून फिरला आणि समोरच्या पडद्यावर जबडा दिसला. हाडात स्क्रू बसवताना डॉक्टरीणबाई हळूच विचारत होती, "मावशी, दुखतंय?"

"दुखत नाही, म्हणूनच संशय येतोय," बाई नंतर म्हणाल्या.

हाडाने स्क्रू घट्ट धरायला काही महिने गेले, मग त्यांवर दात बसले. घरी बाईंनी भाजलेलं कणीस दातांनी सोललं आणि 'हे आधी का नाही सांगितलंस' म्हणून आम्रपालीवरच भडकल्या. ती बिचारी वर्षानुवर्षं हेच तर सांगत होती. काय म्हणावं या बाईला!

विहारात तालीम होती. शालूने पेटी पुढे ओढली. चंपाबाईंनी आपल्या जुन्या वरच्या पट्टीत गाणं उचललं. दात तसूभरही हलले नाहीत. आवाज मात्र दुसऱ्याच ओळीला फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. शालूने पट्टी उतरवली.

"कुणी सांगितलं उतरवायला?"

"चंपाताई, दम लागतोय तुम्हाला."

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. इतकी वर्षं दोष द्यायला कवळी होती. घरात, कवळी काढून ठेवूनही, रोज गाता आलं असतं. ते कधी सुचलंच नाही. आता बोट कुणाकडे दाखवायचं?

"धर याच पट्टीत," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

गाणं पुढे गेलं. वरची ओळ आली की शालू गायची आणि चंपाबाई ऐकत बसायच्या.