जिकराचा तळहात

माझ्या वर्गात आजवर जिकरासारखं कुणी बसलं नाही. चाकणच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये, दुपारी साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली की मी ट्रेनी मुलामुलींचा माइंडफुलनेसचा वर्ग घेते. वीस-बावीस वर्षांची मुलं. कुणाला झोप नाही, कुणाचं घर लांब, कुणाला उगाच छातीत धडधड. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. मागे भांड्यांचा खडखडाट, आमटीचा वास, आणि मी म्हणत असते, "श्वासाकडे लक्ष द्या." निम्मी डुलक्या काढतात, उरलेली एका डोळ्याने मोबाइल बघतात. जिकरा मात्र पाठ ताठ, हात मांडीवर, पापणीही हलत नाही. एकदा माशी नाकावर बसून, चालून, कंटाळून उडून गेली. हिचं काही नाही.

चिंचवडच्या कॉलेजात तीस वर्षं मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला अशी विद्यार्थिनी मिळाली की ती हुरळून जाते. मीही गेले.

दुसऱ्या आठवड्यात मी बेदाण्याचा प्रयोग घेतला. एक बेदाणा हातात घ्यायचा, निरखायचा, वास घ्यायचा, सावकाश चघळायचा आणि काय जाणवलं ते सांगायचं. एकाला गावाकडचं लग्न आठवलं. एकीने "अजून एक द्या ना मॅडम" म्हणून हशा पिकवला. जिकराला विचारलं तर म्हणाली, "बेदाणा होता." मी सगळ्यांना थांबवून सांगितलं, बघा, याला म्हणतात निव्वळ बघणं, त्यात मनाची भेसळ नाही. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पहिल्या दिवशी भरून घेतलेल्या फॉर्मचंही तेच. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, भीती वाटली का, रडू आलं का? तिने सगळीकडे 'नाही'वर खूण केली. पाचव्या आठवड्यात पुन्हा फॉर्म भरून घेतला, पुन्हा सगळं 'नाही'. तिचा थोरला भाऊ आमिर सात महिन्यांपूर्वी मोशीजवळ बाइकवरून जाताना ट्रकखाली गेला, हे मला ठाऊक होतं. त्याच कारणाने एचआरच्या गुरुदत्तने तिला वर्गात घातलं होतं. मी दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि अहवालात लिहून टाकलं: पूर्ण सावरली आहे, पुढच्या तुकडीला हिनेच शिकवावं. ती खोटं बोलत नव्हती. माझ्या फॉर्ममध्ये 'काही वाटतं का' हा प्रश्नच नव्हता.

जिकराचं काम हाताचं. पत्रा दाबणाऱ्या प्रेसमधून गाडीचे दरवाजे येतात आणि ती पांढरे सुती हातमोजे घालून त्यांच्यावरून तळहात फिरवते. डोळ्यांना न दिसणारा पोचा तळहाताला कळतो. सापडला की खडूने त्याच्याभोवती गोल काढायचा, दरवाजा बाजूला. हे तिला कंपनीने शिकवलेलं नाही. तिचे वडील लालमहंमद भोसरीत गाड्यांचे पोचे काढतात. चार दशकं त्यांची हातोडी चालते आहे. लहानपणी ते तिचा हात स्वतःच्या हाताखाली धरून बॉनेटवर फिरवायचे. पुढे गॅरेजची रीतच पडली. जिकरा हात फिरवून म्हणायची "इथं", आणि आमिर तिथं हातोडी मारायचा.

सहाव्या आठवड्यात गुरुदत्तने मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमच्या टॉपरने काल एका शिफ्टमध्ये नऊ खराब दरवाजे पास केले. महिन्याभरात हात सुधारला नाही तर तिला पॅकिंगला टाकतील."

मी जिकराला गाठून विचारलं.

"हात फिरवते, मॅडम," ती म्हणाली. "सगळं सारखंच लागतं."

"कधीपासून?"

तिने आठवून बघितलं. "माहीत नाही. बेदाणा पण तसाच लागला होता."

भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं, तेवढ्या सुरात ती हे सांगत होती. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शांत माणूस आणि बधिर माणूस वरून सारखेच दिसतात, आणि मी सहा आठवडे वरूनच बघत बसले होते. विचार आला तर येऊ द्या, गेला तर जाऊ द्या, असं मी तिला घोकून घोकून सांगितलं. तिच्याकडे जाऊ द्यायला काही उरलेलंच नव्हतं. मला फार लाज वाटली.

रविवारी सकाळी मी भोसरीच्या गॅरेजमध्ये गेले. लालमहंमदभाईंनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. जिकरा शेजारीच उभी होती, तरी ते ती नसल्यासारखं बोलले.

"घरात बी अशीच हाय, मॅडम. जेव म्हटलं की जेवती. ईदला मेंदी काढायला हात पुढं केला, काढून घेतली. भाऊ गेल्यापासून एकदा बी रडली न्हाई. लोक म्हणत्यात, पोरगी खंबीर हाय."

मग त्यांनी रंगाला तयार असलेला एक दरवाजा पुढे ओढला. "बेटा, बघ जरा."

तिने वरपासून खालपर्यंत हात फिरवला. "ठीक आहे, अब्बा."

खालच्या कोपऱ्यात पोचा होता. माझ्या चष्म्यातूनही दिसत होता. मी सवयीने तोंड उघडलं, "श्वासाकडे..." एवढं म्हटलं आणि गप्प बसले.

लालमहंमदभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "राग मानू नका. तुमी पोरांना डोळे मिटून बसायला शिकवता. आमी बी सात महिने तेच करतोय."

ते उठले आणि भिंतीकडच्या निळ्या ताडपत्रीपाशी गेले. ताडपत्री ओढली तशी धूळ उडाली. खाली आमिरची बाइक होती. पोलिसांकडून परत आल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. पुढचं चाक वाकडं, टाकी चेपलेली. जिकराने दुसरीकडे बघितलं.

"हिकडं ये," ते म्हणाले. त्यांच्या हातात हातोडी होती. "ही आमिरनं मारली असती. आता मलाच मारावी लागंल. कुठं मारू, सांग."

ती आली. हातमोजे नव्हतेच. उघडा तळहात तिने टाकीवर ठेवला आणि कंपनीत फिरवते तसाच सरळ, एकसारखा फिरवला. मोठ्या पोच्यापाशी हात थांबला. "इथं," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. खडूने गोल काढला. थोडं खाली, बारीक पोचा, मला दिसलाही नव्हता. "इथं." दुसरा गोल.

हात टाकीच्या डाव्या बाजूला, सीटजवळ गेला आणि तिथंच राहिला.

"तिथं काय न्हाई," लालमहंमदभाई म्हणाले. "पोचा न्हाई तो."

"रंग गेलाय, अब्बा. गुळगुळीत झालंय. त्याचा गुडघा लागायचा."

सहा आठवडे मी तिच्या ज्या एकसारख्या श्वासाचं कौतुक केलं होतं, तो मध्येच अडकला. तिने पुन्हा घेतला, पुन्हा अडकला. लालमहंमदभाईंनी हातोडी उचलली, कारण दुसरं काय करावं ते त्यांना कळेना.

जिकराने दुसरा तळहातही त्या जागेवर ठेवला.

"इथं मारू नका," ती म्हणाली.