बिरदेव कारभाऱ्याची न सांगितलेली वाट

कळसच्या बिरदेवाला सरकार कळतं, असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्यात फारशी बढाई नव्हती. शाळेची पायरी तो चढला ती फक्त मत द्यायला. पण जन्मभर मेंढरांमागं फिरलेल्या माणसाला सरकार फार जवळून दिसतं, आणि बहुतेक वेळा हातात काठी घेतलेलं दिसतं. त्यामुळं गावात सरकारचा विषय निघाला की लोक बोलून दमायचे आणि मग बिरदेवतात्याकडं बघायचे. तात्या पानाचा चुना बोटावर घेऊन थोडा वेळ गप्प बसायचा. ही त्याची मोठेपणा मिरवायची पद्धत होती आणि ती सगळ्यांना माहीत होती.

तो वाड्याचा कारभारी होता. आठ-दहा धनगर घरांची मेंढरं, घोडी, कुत्री, पोरंबाळं असा जो फिरता तळ असतो त्याला वाडा म्हणतात. दिवाळी झाली की वाडा घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत इंदापूरच्या माळावर यायचा. उद्या कुठल्या रानात उतरायचं हे कारभाऱ्यानं ठरवायचं आणि उजाडेपर्यंत मनात ठेवायचं, असा रिवाज होता. बायकोलाही सांगायचं नाही. बातमी फुटली की कुरणाचा गार्ड वाटेत उभा राहतो, नाहीतर दुसराच वाडा आधी जाऊन चारा संपवतो. बिरदेवानं कितीतरी वर्षं उद्याची वाट अशी पोटात ठेवून झोप काढली, आणि एकदाही त्याच्या तोंडून ती बाहेर पडली नाही. त्याच्या आयुष्यातला अभिमान म्हणाल तर हा एवढाच.

मेंढरं बंद करा, असं सरकार त्याला कधीच म्हणालं नाही. एका वर्षी माळावर चर खणले, मग झाडं लावली, मग चराईबंदीची पाटी आली. पाटी नव्हती तो माळ कालव्याच्या पाण्यानं उसाखाली गेला. वाड्यातलं एकेक घर गळत गेलं. शेवटी बिरदेवाची मेंढरं उरली, तीही गावाच्या कडेला, बांधावरच्या गवतावर. त्यांतली निम्मी त्याच्या पोरीची, छकुलीची होती. मुलगी झाली की तिच्या नावानं एक कोकरू राखायचं, पुढं त्याची जी वीण वाढेल ती तिची, अशी त्यांच्या घरची रीत. छकुलीचं कोकरू गुणाचं निघालं. कानाची खूण बघून वाड्यातलं पोरगंही सांगायचं, ही छकुलीची.

थोरला मुलगा ऋतिक बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होता. डिप्लोमा झालेला, डोक्यानं चलाख, आणि बापासारखाच स्वतःच्या डोक्यावर फार विश्वास असलेला. त्यानं बिटकॉइनचं खूळ घरात आणलं. मेंढरं विकू, पैसा त्यात घालू, वाढला की आपल्या मालकीचा माळ घेऊ आणि त्यावर पुन्हा मेंढरं सोडू, असा त्याचा बेत होता. मालकीचा माळ म्हटल्यावर बिरदेवाच्या तोंडचं पान तसंच राहिलं.

"पन हे नाणं छापतं कोन?" त्यानं विचारलं.

"कुनीच न्हाय. ह्याला मालकच न्हाय, तात्या. जगभर हजारो कॉम्प्युटर हायत. कुनाचं किती, ते सगळ्यांकडं सारखंच ल्हिलेलं असतंय. एकानं खोटं केलं तर बाकीचे धरत्यात. सरकारनं एक कॉम्प्युटर फोडला तर बाकीचे चालूच."

बिरदेव हसला. "म्हंजी वाडाच की. कंची मेंढी कुनाची ते धा तोंडांना ठावं. एकाला पोलिसांनी नेला तरी वाडा फुडं चालतोय."

"तसंच," ऋतिक म्हणाला. बापाला एवढ्या लवकर कळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

इथंच घात झाला. बिरदेवाला ते कळलं नसतं तर बरं झालं असतं. अडाण्यासारखा हटून बसला असता, मेंढरं वाचली असती. पण त्याला त्यात आपला वाडा दिसला आणि त्यानं मेंढरं विकली, छकुलीची सुद्धा. ती तेव्हा शाळेत गेली होती. घरी आली तर मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, रिकामी. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पुढं दोन हजार एकवीसच्या हिवाळ्यात बातमी पसरली की सरकार असल्या नाण्यांवर बंदीचा कायदा आणतंय. निमगाव केतकीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, बिरदेवाचा जुना सोबती जयवंता ऋतिकला डिवचायला लागला. "नोटा एका रात्रीत बंद केल्या, तुजं नाणं काय घिऊन बसलायस?"

"नोट सरकारची हुती म्हनून बंद झाली," ऋतिक म्हणाला. "हे सरकारचं न्हायच. जे त्यांचं न्हाय ते कसं बंद करतील?"

दोघंही बिरदेवाकडं बघायला लागले. बिरदेवानं चुना चोळला. "सरकार मेंढरू बंद करत न्हाय," तो म्हणाला. "चारा बंद करतं. ऋतिक, तुजं नाणं कुठं ठिवलंयस?"

ते होतं एका कंपनीत. बँकेसारखी कंपनी, नाव-गाव-आधार सगळं दिलेलं. बिरदेवानं मान हलवली. "तितं गार्ड उद्या येऊन हुबा राहील. काढ तितनं. तुज्यापाशी ठेव."

पोरानं ऐकलं. संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी त्यानं सगळं कंपनीतून काढून स्वतःच्या मोबाइलात घेतलं, आणि आता हे कुणाच्या बापाला काढता येणार नाही म्हणाला. त्याला कुलूप होतं ते बारा इंग्रजी शब्दांचं. ते शब्द ज्याला येतात, पैसा त्याचा. कागदावर लिहिले तर कागद सापडतो, म्हणून ऋतिकनं ते पाठ केले होते. ताटावर बसल्यावर तो म्हणाला, "तात्या, तुमाला बी पाठ करून देतो. रोज एक-एक."

"नगं," बिरदेव म्हणाला.

"ऐकून तरी ठिवा की," बिरदेवाची बायको बानूबाई चुलीपासून म्हणाली. "एका परास दोघास्नी ठावं असल्यालं बरं."

"तुला काय कळतंय? दोघास्नी ठावं झाली की ती वाट ऱ्हात न्हाय, बाजार हुतो. उद्या पोलिस आलं तर मला खोटं बोलाया लागू नये. मला ठावंच न्हाय म्हनलं की सुटलो." मग तो पोराकडं वळला. "कुनाला सांगायचं न्हाय. मला न्हाय, आईला न्हाय. कारभारी हायस तू आता."

ऋतिकचा चेहरा केवढा उजळला. बापानं त्याला पहिल्यांदाच कारभारी म्हटलं होतं.

बंदीचा कायदा काही आला नाही. आला तो कर, आणि चांगला जबर. ऋतिक म्हणाला, कर लावला म्हणजे मान्यच केलं की. बिरदेव म्हणाला, कुरणाला आधी तारच ठोकतात. नाणं पडलं, चढलं, पुन्हा पडलं. बाप-लेक दम धरून बसले. छकुली बारावी होऊन बारामतीला नर्सिंगला लागली. तिची फी ऋतिकच्या पगारातून जायची.

आणि मागच्या गळीत हंगामात सणसरजवळ ऋतिकची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, लाल फडकंही नव्हतं. तो जागेवर गेला. मोबाइलचा चुरा झाला होता, आणि बारा शब्द जिथं ठेवले होते त्या डोक्याचं काय झालं होतं ते बिरदेवानं पाहिलं. त्याबद्दल तो कुणाशी बोलत नाही. आपणही बोलू नये.

दिवसकार्य झालं आणि छकुलीच्या फीचा निरोप आला. मग घरात पहिल्यांदा त्या नाण्यांचा विषय निघाला. छकुलीकडं त्यांचा इंटरनेटवरचा पत्ता होता. ऋतिकनं नुसतं बघायला म्हणून तिला पाठवून ठेवला होता. तो टाकला की पडद्यावर आकडा यायचा. आकडा होता तसाच होता, आणि नाण्याचा भाव ऋतिकला स्वप्नात दिसला नसेल एवढा चढला होता. नर्सिंग झालं असतं, माळही झाला असता. बारामतीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांनी हात टेकले. बिरदेवानं इंदापूरला खेटे घालून वारस दाखला काढला. सरकारी शिक्का बसलेला तो कागद हातात आल्यावर त्याला वाटलं, आता कोण अडवतंय.

दाखला घेऊन बिरदेव आणि छकुली बारामतीत पोलिसांकडं गेली. असल्या कामाची माहिती असलेली विनया नावाची एक अधिकारी होती. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी फोनही केले. एवढं नीट सरकार बिरदेवाशी कधी वागलं नव्हतं.

"काका, हे त्या कंपनीत असतं ना, तर हा दाखला पुरे होता," ती म्हणाली. "आम्ही पत्र दिलं असतं, त्यांना द्यावंच लागलं असतं. तुमच्या मुलानं ते बाहेर काढलं. तिथं आमचा हुकूम चालत नाही."

"सरकारचा हुकूम चालत न्हाय?"

"नाही."

"मग कुनाचा चालतो?"

"ज्याला ते बारा शब्द येतात त्याचा."

बिरदेवानं चुन्याची डबी काढली आणि न उघडताच परत ठेवली. या वेळी त्यात मोठेपणा नव्हता. "मग मोडा की ते," तो म्हणाला. "आमचं कुरन मोडलं, वाडा मोडला. हे मोडा."

"बँका बंद करता येतील, कर लावता येईल, माणसाला आत टाकता येईल," विनया म्हणाली. "पण ते स्वतः मोडता येत नाही, काका. कुठल्याच सरकारला."

बिरदेव उठला. कमरेची पिशवी सोडून त्यानं चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला. वाड्यात मेंढरावरून तंटा झाला, कानाची खूणही पटेना, की बिरोबाच्या नावानं भंडारा उचलायचा. उचलला की बोलणं संपलं, मेंढरू त्याचं. खोट्यानं भंडारा उचललेला माणूस त्यानं पाहिला नव्हता.

"भंडारा उचलून सांगतो," तो म्हणाला. "ती नाणी माझ्या मेंढरांचीच हायत. निम्मी ह्या पोरीच्या मेंढ्यांची हायत."

विनयाही खुर्चीतून उठून उभी राहिली. "काका, माझा विश्वास आहे. ती तुमचीच आहेत. मी लिहून द्यायला तयार आहे."

बिरदेव हात तसाच धरून उभा राहिला. जन्मभर कुठल्या कचेरीत त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. मेंढरं तुझीच कशावरून, चोरीची नसतील कशावरून, इथंच सगळे अडायचे. आज सरकारनं उभं राहून विश्वास ठेवला आणि त्यानं काहीही झालं नाही. हिनं खेकसायला हवं होतं, असं त्याला वाटलं. गार्ड खेकसायचा, काठी उगारायचा, पण त्याच्या पाया पडता यायचं. तास-दोन तास उन्हात बसवून तो मेंढरं सोडायचा. त्यालाही घरदार होतं, कधीतरी त्याचं मन पाघळायचं. इथं पाया पडायला पायच नव्हते. ऋतिक ज्या गोष्टीवर एवढा भाळला होता, ती आता बिरदेवाच्या गळ्याशी आली होती. याला मालक नाही.

वाड्याशी त्यानं त्या नाण्याची बरोबरी केली होती. पण वाड्यातला माणूस मेला की बाकीचे त्याची मेंढरं हाकून त्याच्या घरी पोचवायचे, कारण त्यांना ती कुणाची हे ठाऊक असायचं आणि दयाही असायची. त्या हजारो कॉम्प्युटरांना पहिलं ठाऊक होतं. दुसरं कुणी त्यांना शिकवलंच नव्हतं. एवढा साधा फरक त्याच्या ध्यानात आला नाही, आणि आला तो पोरगा गेल्यावर.

एसटीत छकुली खिडकीशी बसली. बिरदेवानं हातातला भंडारा पुन्हा पिशवीत टाकला नाही, तसा टाकत नाहीत. तो घामानं तळहाताला चिकटून राहिला.

छकुलीनं नर्सिंग सोडलं. आता ती बारामतीत शिलाईच्या कारखान्यात जाते, कारखान्याची बस पहाटे फाट्यावर येते. बिरदेव तिच्याआधी उठून ओट्यावर बसतो. बानूबाई त्याला चहा देते आणि आत जाते. त्या संध्याकाळच्या जेवणाबद्दल ती अजून एक शब्द बोललेली नाही, आणि बोलली असती तर बरं, असं बिरदेवाला रोज वाटतं.

परवा छकुली चप्पल घालत होती तेव्हा तो म्हणाला, "दाव जरा."

तिनं मोबाइल उघडून दाखवला. रोज दाखवते.

"हायती?"

"हायती. भाव अजून चढलाय."

बिरदेव आकड्याकडं बघत राहिला. मग पोरीला काहीतरी द्यायला पाहिजे म्हणून, जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून, तो म्हणाला, "छकुले, निम्मी तुजी हायत. कुनी घेऊ शकत न्हाय ती."

छकुलीनं मोबाइल बंद करून पिशवीत टाकला.

"व्हय, तात्या," ती म्हणाली. "कुनीच न्हाय."

फाट्यावर बसचा हॉर्न वाजला आणि ती झपाझप निघाली. बिरदेव ओट्यावर बसून राहिला. उजाडलं होतं, आणि कुणाला सांगावी अशी एकही वाट त्याच्या पोटात नव्हती.